दुसरा पेला

जिन्याच्या तळाशी जरा दम खायला थांबले होते, तेवढ्यात पिशवीतला फोन थरथरला. काढून बघितला. 'बराच वेळ हालचाल नाही. कारण निवडा.' खाली चार चौकटी. वाहतूक. लाभार्थी अनुपस्थित. वैयक्तिक. इतर. मी त्या पडद्याकडे बघतच राहिले. इथं का उभी आहेस, असं मला आयुष्यात पुष्कळांनी विचारलंय. वडिलांनी विचारलंय, सासूने विचारलंय, ज्यांच्या बायकांना मी घरातून सोडवून न्यायला गेले होते त्या नवऱ्यांनी तर काठी हातात घेऊन विचारलंय. पण त्या सगळ्यांना माझं उत्तर हवं होतं, निदान ते ऐकून भडकायला तरी. ह्याला उत्तर नको होतं, चौकटीवर बोट हवं होतं. मी 'इतर'वर बोट ठेवलं. लगेच पुढचा प्रश्न आला, 'इतर म्हणजे काय ते लिहा.' आता काय लिहू, कप्पाळ? मी लिहिलं, 'गुडघे', आणि फोन पिशवीत टाकला. हे ऑफिसात बसून कोण वाचणार होतं, देव जाणे.

वर तिसऱ्या मजल्यावर इस्त्रीवाले आजोबा राहतात आणि त्यांची नात. नातीला ते मुंगी म्हणतात, म्हणून मीही मुंगीच म्हणते. आज तिची केस बंद व्हायची होती. म्हणजे मुंगी कायमची आजोबांकडे, आणि यापुढे आमच्यापैकी कुणीही त्या दारात जायचं नाही. तशी ही आनंदाचीच गोष्ट. मुंगी रांगत होती तेव्हा तिची आई, म्हणजे आजोबांची एकुलती एक लेक, आजारपणात गेली. बाप त्याच्या आधीच कुठेतरी परागंदा झालेला. बालकल्याण समितीतल्या साऱ्यांचं म्हणणं एकच, घरात बाईमाणूस नाही, म्हातारा एकटा, त्यात दिवसभर हातात तापलेली इस्त्री, मूल बालगृहात ठेवा. ते मूल आजोबांजवळच राहावं म्हणून मी समितीपुढे घशाला कोरड पडेपर्यंत भांडले होते. तेव्हापासून दरवर्षी येते, बसते, बघते आणि जाऊन लिहिते की बरं चाललंय. यात कधी काही बिघडलं तर मुंगी बालगृहात जाणार, हे मला माहीत होतं, आजोबांना माहीत होतं, आणि कळायला लागल्यापासून मुंगीलाही माहीत होतं. त्यामुळे एकदाची ती टांगती तलवार निघाली तर मला हवंच होतं. फक्त ती अशी फोनवर निघू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

सकाळी मॅडमशी त्यावरूनच वाजलं. वाजलं म्हणजे काय, आमच्या मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, मीच चढवते. माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. हुशार, कामाला वाघ, आणि कुणाची आई आजारी आहे, कुणाला सुट्टी हवी आहे हे न सांगता ओळखणाऱ्या. त्यांच्यावर रागवायला काही सापडत नाही, हाच माझा खरा राग. म्हणाल्या, "ताई, फोनवर सगळं झालंय. सगळ्या प्रश्नांची उत्तरं नीट आलीत. केस हिरवी आहे. तुम्ही फक्त बंद करा." मी म्हटलं, "घर कुणी बघितलं?" म्हणाल्या, "फोटो मागवले होते. आलेत. घर स्वच्छ आहे." मी म्हटलं, "मॅडम, फोटोत घराचा वास येतो का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुमच्यासारखी बाई मिळाली तर मुलाचं नशीब चांगलं. नाही मिळाली तर? एखादी कंटाळलेली मिळाली, एखादी घरी भांडून आलेली मिळाली तर? मला मुलांसाठी नशीब नकोय, पद्धत हवीय." बोलणं बरोबर होतं, म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी म्हटलं, बंद करायची तर त्यांच्या दारात जाऊन बंद करते, इतकी वर्षं त्या घरात बसले, निरोप तरी घेऊ द्या. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "जा. पण बाटली न्या."

बाटली म्हणजे ही, पिशवीत फोनच्या शेजारी आडवी पडलेली. ऑफिसचं चिन्ह छापलेली पाण्याची बाटली सगळ्यांना वाटलीय. लाभार्थ्याकडून काहीही घ्यायचं नाही, चहा नाही, पाणीसुद्धा नाही, असा नवा नियम आहे. घेतलं की आपण मिंधे होतो म्हणे, आणि तक्रार झाली तर अंगाशी येतं. नियम करणाराचा हेतू चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण पहिल्यांदा तो वाचला तेव्हा कुणीतरी माझ्या हातातली काठीच काढून घेतल्यासारखं झालं, कारण मला हे काम शिकवलं त्या थोरल्या बाईंनी पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगितली ती हीच, घरात गेलीस की पाणी माग. तहान असो नसो, माग.

थोरल्या बाई उंच, हाडापेरानं मजबूत, मनगटावर पुरुषी घड्याळ बांधायच्या आणि अशा चालायच्या की मी मागून अर्धी पळत असे. त्यांच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. मी नवी नवी, कॉलेजात शिकलेलं सगळं तोंडपाठ, पिशवीत कोरे कागद. पहिल्याच घरात मी कागद काढले तर बाईंनी माझ्या मांडीवर चापट मारली, आणि घरातल्या बाईकडे वळून म्हणाल्या, "जरा पाणी देता का हो, ऊन फार आहे." बाहेर ढग होते. ती बाई मघापासून भिंतीला टेकून, चोरी पकडल्यासारखी उभी होती. ती लगबगीनं आत गेली आणि पेला घेऊन आली तेव्हा तिचा चेहराच वेगळा होता. खाली उतरल्यावर बाई म्हणाल्या, "आपण गेलो की ते आरोपी होतात. पाणी मागितलं की घरवाले होतात. आणि ऐक, पाणी आणायला कोण उठतं ते बघायचं. कोण सांगतं आणि कोण उठतं. पेला कुठून येतो, पोराला ठाऊक आहे का, पाणी देणाराचा हात कापतो का. मग काय ते कागद काढ." मी त्या दिवशी मनात म्हटलं होतं, ही कसली लबाड बाई, दुसऱ्याच्या घरचं पाणी पिऊन हेरगिरी करते. पुढे तीसएक वर्षं मी दुसरं काय केलं? शहरातल्या किती घरांचं पाणी माझ्या पोटात असेल. वाळ्याचं, गंजक्या टाकीचं, शेजारून उसनं आणलेलं, आणि एका घरात तर मुलाच्या शाळेच्या डब्याच्या झाकणातून, कारण पेला दारुड्या बापानं विकला होता.

तेव्हा आम्ही केस म्हणत नव्हतो, घर म्हणायचो. तुझी घरं किती, माझी घरं किती. "माझ्या त्या पुलापाशीच्या घराला जाऊन ये गं, मला ताप आहे," असं एकमेकींना सांगायचो. शनिवारी दुपारी लांब टेबलाभोवती बसून, चहा गार होईपर्यंत एकेका घरावर कचाकचा भांडायचो. जिला मूल तिथंच ठेवायचं असे ती आणि जिला उचलायचं असे ती, दोघी लाल होईस्तोवर. आणि ज्याचं काही ठरायचं नाही ते घर बाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात जायचं. वरच्या खणात ठरलेली, खालच्यात न ठरलेली. वरून कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, "शिजतंय." तेवढ्या वेळात आम्ही त्या घराला माणसं शोधायचो, कुणी मावशी, कुणी शेजारीण, कुणी मास्तर, एखादा बरा डॉक्टर. कितीतरी घरं त्या खणात उभी राहिली. हे मी एकदा मोठ्या कौतुकानं मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आणि त्या खणात किती मुलं राहून गेली ताई, तेही कधीतरी सांगा." मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. नव्या पोरी हे असं सरळ विचारतात. त्या कायदा जाणतात, आयांवर खेकसत नाहीत, आम्ही खाल्ला तसा मारही खात नाहीत, आणि दीड-दोन वर्षांत थकून दुसरी नोकरी धरतात. मी त्यांना विचारते, थकलात कशानं गं, तुम्ही तर कुठे गेलाच नाहीत. तर म्हणतात, त्यानंच. ह्याचा अर्थ मला पुरता लागला नाही, पण वाईट वाटलं. मी थकले ती पायांनी थकले. ते झोपलं की उतरतं.

जिना चढता चढता मला हे सगळं आठवत होतं आणि कशाला खोटं बोलू, बरंही वाटत होतं. हाच तो जिना. पहिल्यांदा बाईंच्या मागून चढले तेव्हा कठडा लाकडी होता. आजोबा तेव्हा म्हातारे नव्हतेच, आता बघताना वाटतं, केस काळे होते, फक्त लेक गेल्यामुळे वाकलेले होते. मुंगी कडेवर. इस्त्री कोळशाची. बाईंनी पाणी मागितलं, तसे ते उठले, आणि पाण्याकडे जायच्या आधी त्यांनी तापलेली इस्त्री उचलून पार वरच्या फळीवर ठेवली. कुणी सांगितलं नाही, कुणाला दाखवायचंही नव्हतं. मूल कडेवर होतं तरीही, खाली उतरलं तर, म्हणून. मग पेला भरला, मला दिला, बाईंना दिला, आणि मुंगीच्या ओठांना बोट ओलं करून लावलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. पुढे समितीत मी जे तासभर बोलले ते सगळं त्या एका नजरेतलंच होतं. त्या घरानं मला कधी मान खाली घालायला लावली नाही.

दार मुंगीनं उघडलं. आता चांगली खांद्याला लागते, दोन वेण्या, हनुवटी आजोबांची. "मावशी, तुम्ही? फोन झाला ना?" ती म्हणाली. मला ते जरा खटकलं, पण म्हटलं, नव्या काळाचं पोर, तिला फोनच खरा वाटणार. आत तोच वास, वाफेचा, गरम सुताचा, जरासा करपट. खोली बघून डोळे निवले. टेबलावर घडी घातलेलं घोंगडं, चादरीत बांधलेल्या कपड्यांच्या मोटल्या भिंतीशी ओळीनं, प्रत्येकीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर नाव नाही तर चित्र. मासा, छत्री, चंद्र, मांजर. मी म्हटलं, वा, पोरीनं आजोबांचं दुकान सजवलंय. इस्त्री आता विजेची, तिच्या बटणाला लाल लोकर बांधलेली, मुंगी त्याच्याच शेजारी उभी. खिडकीत दोन वाट्या धुऊन पालथ्या घातलेल्या. जमिनीवर केर नाही. मनातल्या मनात मी मॅडमना सांगतही होते, बघा, हिरवं ते काय असतं ते असं असतं, आणि ह्याला वास असतो.

आजोबा खुर्चीतून उठले. "या ताई, या. किती दिवसांनी." मला ताई म्हणतात, मी त्यांच्याहून लहान असले तरी. केस आता पांढरे स्वच्छ, शर्ट असा कडक की कॉलरनं मान कापली जावी. मी बसले, बाटली पिशवीत आणखी खाली ढकलली आणि म्हटलं, "आजोबा, आधी पाणी द्या बरं." मुंगी पटकन म्हणाली, "मी देते." आजोबा म्हणाले, "तू थांब. ताईंना पाणी मी देतो, पहिल्यापासून मीच देतो," आणि स्वतः गेले. बरोबर मडक्यापाशी गेले, बरोबर पेला घेतला, काठोकाठ भरून, एक थेंब न सांडता आणला. मी ते पाणी घटाघट प्याले. इतकं गोड लागलं. नियम मोडल्याचीही त्यात गोडी असेल. मग आजोबांनी कॉलरची गोष्ट सांगितली. ती मी दरवर्षी ऐकते. एका गिऱ्हाईकाला लग्नाला जायचं होतं आणि शर्टाला एकच बाजू कॉलर होती, उंदरानं खाल्लेली, तर आजोबांनी त्याला सांगितलं की फोटो एकाच बाजूनं काढून घे. आम्ही हसलो. मुंगीही हसली, पण गोष्ट संपायच्या किंचित आधी.

मी शाळेचं विचारलं. मुंगी म्हणाली, आज लवकर सुटली. आजोबा खिडकीकडे बघत होते. मग एकदम माझ्याकडे वळून, अगदी ओशाळून म्हणाले, "अरे अरे, ताई, बोलण्याच्या नादात तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही मी. काय हे." उठले, मडक्यापाशी गेले, दुसरा पेला भरला, काठोकाठ, एक थेंब न सांडता. रिकामा पेला माझ्या पायाशीच होता. मी मुंगीकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. मनात भराभर बोलत सुटले, वय झालंय, उकाडा आहे, मी नाही का परवा चष्मा डोळ्यावर असताना घरभर शोधला, होतं असं. "हो हो, तहान होतीच," मी म्हटलं आणि तो सबंध पेला प्याले. पोट तडस लागल्यासारखं भरलं, पण प्याले. आजोबा समाधानानं बसले आणि म्हणाले, "एकदा काय झालं ताई, एका गिऱ्हाईकाला लग्नाला जायचं होतं."

मी हसले. दोन्ही वेळा ज्या जागी हसायचं त्याच जागी हसले. गोष्ट संपली, आजोबांनी तळहात गुडघ्यावर घासले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते ओशाळणं पुन्हा उमटायला लागलं. पण ह्या वेळी मुंगी त्यांच्या आधी उठलेली होती. "आजोबा, मला तहान लागलीय, मला आणा ना," ती म्हणाली. त्यांनी आणलं. तिनं तो पेला एका दमात संपवला, मनगटानं तोंड पुसलं आणि पालथा घातला, दोन वाट्यांच्या शेजारी. इतक्या सहज. सहज म्हणजे रोजच्या सवयीनं. आणि मग खोली माझ्या डोळ्यांदेखत उलटली. चित्रं खेळ म्हणून नव्हती, नावं वाचून आजोबांना माणसं आठवत नव्हती. लोकर शोभेची नव्हती. पोर बटणापाशी उगीच उभी नव्हती. नीटनेटकं घर, चटपटीत मूल, हे आम्ही सगळ्या जणी चांगल्या घराची खूण म्हणून लिहीत आलो. इथं कोण कुणाला सांभाळतंय हे मी दारातून आत आल्यापासून उलटं वाचत होते.

मी उठले. आजोबांनी दारापर्यंत येऊन हात जोडले, पुन्हा या म्हणाले. त्यांना केस बंद व्हायची होती हेही माहीत नव्हतं. मी मुंगीला म्हटलं, चल, मला खालपर्यंत सोड. तिनं आधी आत जाऊन लोकर बांधलेलं बटण चाचपलं, मग आली. मधल्या वळणावर मी पायरीवर बसले. ती उभी राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मुंगे."

ती कठड्याचा पोपडा नखानं काढायला लागली. "इस्त्री मीच लावते आणि मीच काढते," ती म्हणाली. "त्यांच्या हातात असते तेव्हा मी जवळच असते. कधी भाजलं नाही त्यांना. एकदाच एक शर्ट जळला. तो माझ्या हातून जळला असं मी सांगितलं."

"आणि परवाचा फोन?"

"मी समोर बसून खुणा केल्या. वार विचारला तेव्हा बोटं दाखवली." पोपडा खाली टाकून ती म्हणाली, "सगळी बरोबर आली."

"शाळा?"

"जाते ना. कपडे कमी असले की जाते."

मी मान डोलावली. तिला वाटलं मी तिच्या बाजूनं विचार करतेय. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि हळू म्हणाली, "ते मला नाही विसरत मावशी. बाकी सगळं विसरले तरी मला नाही विसरत. कुणाला सांगू नका. ते घेऊन जातील मला. मग यांना बटणाचं कोण बघणार?"

मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा म्हणून सांगू. आजोबांच्या डोक्यात शिरलेल्या त्या धुक्याचा, फोनवर वार विचारणाऱ्या त्या पोराचा, माझा स्वतःचा, आणि सर्वात जास्त थोरल्या बाईंचा, की त्या मरून गेल्या आणि खण कुणाला देऊन गेल्या नाहीत. त्या असत्या तर मी ऑफिसात जाऊन त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसले असते आणि म्हटलं असतं, बाई, इस्त्रीवाल्यांचं घर. त्यांनी सगळं ऐकून खालचा खण पायानं उघडला असता. मग आम्ही डॉक्टर बघितला असता, दुपारी येऊन बसणारं कुणी बघितलं असतं, खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीला गळ घातली असती, आणि मुंगी शाळेत गेली असती, आणि संध्याकाळी घरी आजोबांकडे आली असती. शिजत ठेवलं असतं. पण मॅडमचा तो प्रश्नही मला सोडत नव्हता. शिजेपर्यंत मधल्या काळात हे एवढंसं पोर रोज तापलेल्या इस्त्रीजवळ पहारा करणार. मी गप्प बसले तर आज केस बंद, आणि ह्या जिन्यावर पुन्हा कुणीही चढणार नाही. बोलले तर पडद्यावर 'होय' पडणार, केस लाल होणार आणि गाडी येणार. बोलणं आणि गप्प बसणं यांच्या मध्ये पूर्वी एक खोली होती, तिथं आम्ही आयुष्य काढलं. आता तिथं भिंत आहे.

मी फोन काढला. मुंगी बघत होती. मी उठून लांब जाऊन बोलू शकले असते, पण तिच्यापासून लपवून बोलायचं नाही एवढं मी ठरवलं.

"मॅडम, केस बंद करू नका," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पाणी प्याले तेही सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, "ताई, लगेच भरा. विस्मरणाच्या प्रश्नाला होय टाका. टीम उद्या सकाळी..."

"टीम नको पाठवू. तू ये."

इतक्या वर्षांत मी त्यांना 'तू' म्हटलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, आणि परत घ्यावंसंही वाटलं नाही.

"मी घरभेटींना जात नाही ताई. माझं काम..."

"म्हणूनच ये. हिला उचललं तर म्हातारा जगणार नाही. हिला असंच ठेवलं तर ही मोठीच होणार नाही, एकदम म्हातारी होईल. तुझ्या पडद्यावर होय आणि नाही एवढंच आहे, मला दोन्ही लिहायचंय. ते कुठं लिहायचं ते इथं येऊन मला दाखव. आणि शाळा सुटल्यावर ही घरी यावी, त्याआधी इथं कुणीतरी बसावं, एवढं तुझ्या पद्धतीत बसत नसेल तर पद्धत वाढव. तुला येतं ते. मला नाही येत, मला फक्त भांडता येतं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मॅडमनी विचारलं, "मजला कुठला?"

"तिसरा. लिफ्ट नाही."

"निघते. पण ताई, येऊन बघितल्यावर मला न्यावंसंच वाटलं तर?"

"तर भांडू," मी म्हटलं.

फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटत होतं, कितीतरी दिवसांनी, जणू शनिवार होता आणि टेबलाभोवती सगळ्या आल्या होत्या. मी मुंगीकडे वळले. तिला सांगायला जात होते की घाबरू नकोस, येतायत त्या वाईट नाहीत, मी आहे. पण ती पायरीवरून उठून कठड्याला पाठ लावून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पोरपण पुसून गेलं होतं.

"मी तुम्हाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "ऑफिसला नव्हतं सांगितलं."

आम्ही पाणी मागायचो, घरवाले होऊन बसायचो, मुलं आम्हाला मावशी म्हणायची, आणि त्या सगळ्या वेळात आम्ही ऑफिसच होतो. थोरल्या बाईसुद्धा. हे आम्ही एकमेकींत कधी बोललो नव्हतो आणि ते एका पोरीनं जिन्यात उभं राहून बोलून दाखवलं. मी म्हटलं, "मुंगे, मी जाणार नाहीये. त्या येईपर्यंत इथंच बसतेय. त्यानंतरही येणार आहे." ती ऐकायला थांबली नाही. दोन दोन पायऱ्या चढत वर गेली.

मीही उठून तिच्यामागून वरपर्यंत गेले. दार लागलेलं होतं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. ठोठावायला हात उचलला आणि खाली घेतला. आत खुर्ची करकरली. आजोबांचा आवाज आला, प्रेमळ, जरासा झोपाळलेला.

"कोण आलं होतं गं?"

"कुणी नाही, आजोबा," मुंगी म्हणाली.